बांधावरची मुसळी

आमच्या सोसायटीत पोडियम गार्डन आहे. म्हणजे खाली दोन मजले पार्किंग, त्यावर स्लॅब, स्लॅबवर वॉटरप्रूफिंग आणि त्याच्यावर दोन-अडीच फूट माती आणून टाकलेली. त्या मातीत बाग. पुनावळ्याचा हा फ्लॅट २०२१ मध्ये बुक केला तेव्हा ब्रोशरमध्ये या बागेचं चित्र होतं. चित्रात एक आजी-आजोबा बाकावर बसून हसत होते. मी ते चित्र मोबाइलवर मोठं करून आज्जीला दाखवलं होतं. "बघ, इथं तू बसायचंस."

आज्जी प्रत्यक्षात तिथे बसायला लागली ती २०२३ च्या उन्हाळ्यात, ताबा मिळाल्यावर. संध्याकाळी मी लॉगआउट केलं की तिला लिफ्टने खाली आणायचो. बाकाच्या मागे, झाडांखाली, कडेकडेने सगळीकडे एकच झाड पसरलेलं आहे. गडद हिरवी चकचकीत पानं आणि पिवळी, झेंडूच्या धाकट्या भावासारखी फुलं. तुम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असाल तर ते रोज बघता. डिव्हायडरवर, कंपन्यांच्या गेटजवळ, हॉटेलांच्या बाहेर तेच असतं.

पहिल्या आठवड्यात आज्जी काही बोलली नाही. मग एक दिवस काठीनं त्या वेली बाजूला सारत म्हणाली, "हे कसलं रं पिवळं?"

"शोचं असतं, आज्जी. जमीन झाकायला लावतात."

"जमीन कशाला झाकायची?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती आणखी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मुसळीवानी पिवळं हाय. पन मुसळी न्हाई."

मला हसू आलं. माझ्या पिढीच्या, त्यातून इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर राहिलेल्या कुठल्याही मुलाला मुसळी हा शब्द एकाच संदर्भात माहीत असतो. हायवेच्या भिंतींवर चुन्यानं रंगवलेल्या जाहिराती, एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेले फोन नंबर. त्यामुळे ऐंशी वर्षांची आपली आज्जी सोसायटीच्या बागेत बसून मुसळीची चौकशी करतेय, हे मी दुसऱ्या दिवशी टीममध्ये विनोद म्हणून सांगितलं. सगळे हसले. त्याच रात्री मला ती मुसळी म्हणजे नक्की काय हे शोधावंसं वाटलं आणि कळलं की आपण ज्यावर हसतोय त्यातलं आपल्याला काहीच माहीत नाही.

मुसळ्या दोन. जाहिरातीत असते ती सफेद मुसळी. तिच्या एका प्रसिद्ध जातीच्या शास्त्रीय नावात चक्क आपलं बोरिवली आहे: क्लोरोफायटम बोरिविलिएनम. दिवाणखान्यात ठेवतात त्या स्पायडर प्लांटची ती नातेवाईक. पावसाळ्यात आपल्याकडे कुलीची किंवा फोडशीची भाजी खातात, तीही याच कुळातली. आज्जीची मुसळी वेगळी. ती काळी मुसळी, कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. योझेफ गेर्टनर नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १७८८ मध्ये तिला हे नाव दिलं. कर्क्युलियो म्हणजे धान्यात होतो तो सोंडकिडा. या झाडाच्या बियांना सोंडेसारखं टोक असतं, म्हणून. संस्कृतमध्ये तिला तालमूली म्हणतात, आणि तिची चुण्या पडलेली लांबट पानं ताडाच्या कोवळ्या रोपासारखी दिसतातही. दोन भाषांतल्या दोन माणसांनी एकाच वीतभर झाडाकडे बघितलं. एकाला किडा आठवला, दुसऱ्याला ताड.

फोटो काढून आज्जीला दाखवला. तिनं स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. "हीच. आपल्या बांधावर हाय की."

हाय की, असं ती म्हणाली. बांध विकून तेव्हा दोन वर्षं झाली होती.

---

इथे मला थोडं मागं जावं लागेल.

आमचं गाव खेड तालुक्यात, चाकणहून पश्चिमेला, भामचंद्राच्या डोंगराच्या बाजूला. मी वाढलो मात्र भोसरीत. पप्पा एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लेथवर होते. रविवारी गावाला जायचं, सुट्टीत गावाला राहायचं. आमची थोडी जमीन मी शाळेत असतानाच संपादनात गेली होती. तेव्हा चाकणच्या आसपास मोठमोठ्या गाड्यांच्या कंपन्या येत होत्या आणि प्रत्येक गावात कुणाचं तरी शेत कशात तरी जात होतं. आमचे बेचाळीस गुंठे उरले होते. बाजरी, भुईमूग, कधी हुलगे. करायला कुणी नव्हतं. आज्जी आणि वाट्यानं करणारा एक जण, एवढंच.

२०२१ मध्ये गोडाऊनवाले आले. चाकणमध्ये कारखान्यांइतकीच आता गोडाऊन लागतात. मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती, हिंजवडी फेज तीनला जात होतो, आणि भोसरीच्या दोन खोल्यांत पाचवं वर्क फ्रॉम होम चालू होतं: मी, धाकटी बहीण, आई, पप्पा आणि कुकरची शिट्टी. पप्पांचं मन होत नव्हतं. ते रोज नुसते फेऱ्या मारायचे. मग मी एक्सेल शीट केली. एका बाजूला शेतीचं वर्षाचं उत्पन्न आणि खर्च. दुसऱ्या बाजूला येणारी रक्कम, त्यातून डाउन पेमेंट, उरलेल्या कर्जाचा ईएमआय, भाड्याची बचत. खाली हिरव्या रंगात बेरीज. मी ती टीव्हीवर लावून सगळ्यांना समजावून सांगितली, ऑफिसात क्लायंटला देतो तसा डेमो. शीटमध्ये चूक एकही नव्हती. आजही नाही.

सातबाऱ्यावर आज्जीचंही नाव होतं. ती सही करते. प्रौढांच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर कोरून काढते. सही करायच्या आदल्या रात्री तिनं एवढंच विचारलं, "आन् बांध कुणाकडं जाणार?"

"बांध म्हणजे जमिनीचाच भाग की आज्जी. त्यांच्याकडंच."

"आख्खा?"

मला वाटलं तिला व्यवहार कळला नाही. खरं म्हणजे मला बांध कळला नव्हता.

---

बांध म्हणजे दोन शेतांमधली मातीची ताल, हे कुणीही सांगेल. आमचा बांध दोन भावांमधला होता. एका बाजूला माझे आजोबा, दुसऱ्या बाजूला त्यांचे धाकटे भाऊ. दोघांनी दर वर्षी नांगर धरताना बांधाचा एकेक तास आपल्या बाजूला ओढायचा. याला बांध कोरणे म्हणतात आणि महाराष्ट्रातल्या निम्म्या भावकीत त्यावरून बोलणं बंद असतं. आमच्याकडेही झालं. पप्पा शाळेत असताना शेवटी सरकारी मोजणी आणली, हद्दीचे दगड रोवले. त्यानंतर दोघांनीही रागानं ठरवलं की आता बांधाजवळ नांगर न्यायचाच नाही. उगाच दुसऱ्याला बोलायला जागा नको. त्यामुळे तीन-चार हात रुंदीचा एक पट्टा चाळीस वर्षं कुणीच हात न लावता पडून राहिला. त्यावर एक आंबा वाढला. करवंदीच्या जाळ्या आल्या. पानं पडत राहिली, कुजत राहिली. आणि सावलीतल्या त्या कुजलेल्या पानांत मुसळी.

डोंगराचं रान पूर्वी खाली शेतापर्यंत उतरलेलं असणार. शेतं काढली तेव्हा ते गेलं. भांडणाच्या पट्ट्यात तेवढं उरलं. म्हणजे दोन भाऊ एकमेकांशी नीट वागले असते, तर ती मुसळी केव्हाच नांगराखाली गेली असती. हे मला आवडत नाही, पण असंच झालं आहे.

२०२३ च्या जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावरच्या शनिवारी मी बाइक काढली आणि एकटाच गावी गेलो. आमच्या बेचाळीस गुंठ्यांवर निळ्या पत्र्याचं गोडाऊन उभं होतं. भोवती प्रीकास्ट भिंत. आंबा नव्हता. भिंत बरोबर आमच्या हद्दीवर, बांधाच्या मधोमध. पण भिंतीच्या पलीकडे, चुलत्याच्या बाजूचा अर्धा बांध तसाच होता. आज्जी 'आख्खा?' का म्हणाली होती, ते तिथे भिंतीला हात लावून उभा राहिल्यावर समजलं.

खाली वाकल्याशिवाय मुसळी दिसत नाही. आधी पानं दिसली, गवत म्हणून सोडून देण्यासारखी. मग त्यांच्या बुडाशी, अगदी मातीला टेकून, पिवळ्या चांदण्या. सहा पाकळ्या, रुपयाच्या नाण्याएवढं फूल. मी मोजली, अकरा झाडं फुललेली होती. फुलाखाली देठासारखं जे दिसतं तो खरा देठ नाही, बीजकोशाची लांब चोच आहे. बीजकोश स्वतः पानांच्या बेचक्यात, मातीखाली असतो. फळही तिथेच धरतं. सगळा संसार जमिनीखाली आणि वर फक्त एक चांदणी, पाऊस आलाय का बघायला.

"काय शोधतोय इंजिनेर?"

तात्या. पप्पांचे चुलतभाऊ. आमची जमीन विकली तेव्हापासून त्यांचं आणि पप्पांचं बोलणं बंद होतं. त्यांची पाण्याची पाइप आमच्या शेतातून जायची, ती भिंतीमुळे तुटली. त्यांनी आधी विचारायला हवं होतं असं पप्पांचं म्हणणं, आणि यांनी आधी सांगायला हवं होतं असं तात्यांचं. आजोबांच्या वेळचं भांडण आम्ही इमानेइतबारे पुढे चालवलं होतं.

"तात्या, मुसळी पाहिजे होती. आज्जीला."

"काकूला?" ते जरा थांबले. "तुमचा बांध तुम्ही इकला. ह्यो माझा हाय."

"म्हणूनच विचारतोय."

ते काही न बोलता घराकडे गेले. मला वाटलं झालं, निघावं. तर ते पहार घेऊन आले. मुसळीचा कंद मुसळासारखा सरळ खाली जातो, खुरप्यानं काढायला गेलं की मधेच तुटतो. त्यांनी चारी बाजूंनी माती सैल करून ढेकळासकट एकेक झाड उचललं. बाहेरून काळा, जिथे पहार घासली तिथे आतून पांढरा.

"पाच ने," ते म्हणाले. "सहावी नेली तर मोजणी आणीन."

---

सोसायटीच्या बागेत काहीही लावायला कमिटीची परवानगी लागते. मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. खर्च नसेल तर हरकत नाही, असं ठरलं. ताम्हणाच्या झाडाखालची दोन फूट बाय तीन फूट जागा मिळाली. तिथला वेल काढायला मला दोन रविवार लागले. तोपर्यंत मुसळीची ढेकळं बाल्कनीत ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली होती.

त्या वेलाचं नाव वेडेलिया. मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. प्रत्येक पेराला मुळं फुटतात, त्यामुळे तुकडा टाकला तरी जगतो. स्वस्त आहे, कापावा लागत नाही, काही महिन्यांत सगळं हिरवं. गार्डनचं काम घेणाऱ्याला आणखी काय हवं? जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक प्रजातींची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटानं केली आहे, तिच्यात हा आहे. तो जिथे पसरतो तिथे खाली दुसरं काही रुजणं अवघड. मी तो उपटत असताना मला माझीच एक्सेल शीट आठवत होती. तिच्यातही सगळं हिरवं होतं.

आज्जीनं बाकावर बसून सूचना दिल्या. पाणी मर घालू नको. माळ्याला सांग, हितली पानं झाडू नको. शेवटची सूचना सर्वांत कठीण निघाली, कारण पोडियमवर पान पडलं की अर्ध्या तासात झाडलं गेलं पाहिजे, असं काँट्रॅक्टमध्येच आहे.

त्या पावसाळ्यात पाचही झाडं लागली. मी एका ठिकाणी वाचलं होतं की मुसळीच्या पानाचं टोक मातीला टेकून राहिलं, तर तिथून नवं रोप फुटतं. आज्जीला हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, पानाला कुठं मूळ येतं होय. मी एक पान वाकवून, टोकावर माती टाकून वर खडा ठेवला. ऑगस्टच्या शेवटी तिथे पीनाएवढा कोंब होता. आज्जीनं तो बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं तिनं माझ्या बीईच्या मार्कशीटकडेही बघितलं नव्हतं.

त्याच दिवसांत मला थिओडोर कुक भेटला, म्हणजे वाचनात. हा आयरिश माणूस शिकलेला इंजिनिअर. रेल्वेच्या कामाला भारतात आला, वसईच्या पुलावर काम केलं, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रिन्सिपल झाला. तेच कॉलेज, ज्याचा कटऑफ मला लागला नव्हता. आणि या माणसानं नोकरी संपल्यावर मुंबई इलाख्यातल्या सगळ्या वनस्पतींची नोंद करणारा ग्रंथ लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो छापून झाला आणि आजही अभ्यासक तो उघडतात. हे वाचून मला बरं वाटलं. रोज सकाळी स्टँडअपमध्ये 'काल काय केलं, आज काय करणार' सांगणाऱ्या माणसालाही पायाखालचं बघायला परवानगी आहे, एवढंच.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडली. डिसेंबरपर्यंत सुकली. जानेवारीत तिथे काहीच नव्हतं. मला धडकी भरली. आज्जी म्हणाली, "झोपलीय. उन्हाळाभर दिसत न्हाई ती."

---

२०२४ च्या मार्चमध्ये रिलीजची गडबड होती. तीन आठवडे मी बागेत उतरलोच नाही. उतरलो तेव्हा ताम्हणाखाली नवाकोरा वेडेलिया ओळीनं लावलेला होता.

माळीकाकांना विचारलं. ते घाबरले. "साहेब, तिथं रिकामं होतं. सुपरवायझर बोलले, पॅच दिसतोय, भरून घ्या. मी खोदून माती बदलली."

त्यांची चूक नव्हती. तिथे खरंच रिकामं दिसत होतं. तिथे काही आहे हे फक्त मला आणि आज्जीला माहीत होतं, आणि मी एक साधी पाटी लावली नव्हती. कोडमध्ये कॉमेंट न लिहिणाऱ्या ज्युनिअरवर मी ओरडतो. मी वर गेलो आणि आज्जीला सांगायचं कसं, याचा विचार करत तिच्या पलंगाशी बसलो. शेवटी सांगितलं.

तिला वाईट वाटल्याचं दिसलं नाही. तिनं विचारलं, "माती कुठं टाकली?"

माती सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीमागे टाकली होती, डिझेल जनरेटरच्या शेजारी. आज्जी हट्टानं आली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली आणि मी मोबाइलच्या टॉर्चमध्ये तो ढीग हातानं उपसू लागलो. विटांचे तुकडे, केबलचे तुकडे, वेडेलियाची मुळं. तासाभरानं पहिला कंद सापडला, सुकून बोटासारखा झालेला. मग आणखी दोन. एक अर्धा तुटका होता.

तिथे, जनरेटरच्या वासात, मी ते विचारलं जे तीन वर्षं विचारलं नव्हतं. "आज्जी, जमीन विकायला मी सांगितलं. तुला राग आला होता का?"

ती हातातल्या कंदाची माती पदरानं पुसत होती. "तू नसतं सांगितलं तरी बापूनं इकलीच असती," ती म्हणाली. मला हलकं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात तिनं पुढचं वाक्य बोललं. "पर तू सांगितलंस."

आवाजात राग नव्हता. हिशेब होता. माझ्या शीटमध्ये जशी चूक नव्हती, तशी तिच्या वाक्यातही नव्हती. ती पुढे काही म्हणाली नाही आणि मीही नाही. आम्ही तिन्ही कंद घेऊन वर आलो. आईनं ते फरशीवर बघितले आणि विचारलं, "आलं का हे?"

तुटका कंदही मी लावला. मुसळीचा वरचा डोळा शाबूत असेल तर दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडाही पावसाळ्यात फुटतो. जूनमध्ये तीनपैकी दोन फुटले. तुटकाच एक होता त्यातला. फूल मात्र त्या वर्षी आलं नाही.

---

२०२५ चा मे पावसातच गेला. आंबे नीट खाऊनही झाले नव्हते आणि खिडकीबाहेर जुलैसारखं आभाळ. एका रात्री पप्पांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि फोन माझ्याकडे दिला, जणू तो माझाच असणार. तात्या होते. ते मला म्हणाले, "बापूला दे."

पप्पांनी फोन कानाला लावला. बराच वेळ नुसतं 'हं' चाललं होतं. चार वर्षांनंतरचं पहिलं बोलणं असं 'हं हं' करतच झालं. तात्यांनीही दिली होती. शेजारच्याच गोडाऊनला वाढवायला जागा हवी होती. सोमवारी जेसीबी येणार होता.

"काकूला सांग," स्पीकर नसतानाही आम्हाला ऐकू आलं, "आता मोजायचं काय राहिलं न्हाई. सगळ्या घेऊन जा."

शनिवारी आम्ही गेलो. मी, पप्पा आणि मागच्या सीटवर आज्जी. चिखलामुळे गाडी बांधापर्यंत गेली नाही, म्हणून दार उघडं ठेवून ती गाडीतच बसली आणि लांबूनच बघत राहिली. पाऊस लवकर आल्यामुळे पानं वर आली होती, पाच-सहा फुलंही होती. तात्यांनी पहार आणली होती, पप्पांनी गोण्या. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नव्हते. पण एकानं माती सैल केली की दुसरा ढेकूळ उचलायचा. दोघांनाही ते काम येत होतं. मी फक्त गोणीचं तोंड धरून उभा होतो. चौतीस झाडं निघाली.

काम झाल्यावर तात्यांनी हद्दीच्या दगडाला पहार लावली. तो हलला नाही. पप्पांनीही हात लावला. दोघांनी मिळून तो उकरून आडवा केला आणि मग दोघंही त्याच्यावर बसून घाम पुसत राहिले. त्या दगडाचं पुढे काय करायचं हे कुणी ठरवलं नाही. तो तिथेच राहिला.

चौतीसमधली आठ तात्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावली, त्यांच्या नव्या बंगल्याच्या जिन्याखाली. बाकीच्या आम्ही आणल्या. मला खोटं बोलायचं नाही: यानं बांध वाचला असं मी म्हणणार नाही. बांध गेला. बांध म्हणजे आंबा, करवंदीच्या जाळ्या, चाळीस वर्षांची पानं आणि दोन घरांचा अबोला, हे सगळं मिळून होतं. मुसळी त्यातली एक. ती पार्किंगच्या स्लॅबवर किती वर्षं जगेल, हे मी सांगू शकत नाही. माझा ईएमआय २०४१ ला संपतो. तोपर्यंत मी इथेच आहे.

या वेळी कमिटीनं ताम्हणाखालची पूर्ण कडा दिली. माळीकाकांनी स्वतः वेडेलिया काढला. त्यांनाही आता आज्जी सूचना देते आणि ते तिचं माझ्यापेक्षा जास्त ऐकतात. वाळलेली पानं ते झाडून त्याच कडेला लोटतात. सुपरवायझर आले की जरा विखरून ठेवतात.

जुलैत ऑफिसजवळच्या नंबरप्लेटवाल्याकडून मी एक छोटी पाटी करून घेतली. मजकूर आज्जीनं सांगितला, मी फक्त प्रमाण मराठीत आणला:

इथे मुसळी आहे. उन्हाळ्यात दिसत नाही. खणू नये.